डाव्या हाताचं पांढरं घर

काउंटीच्या रस्तेखात्यात एकतीस वर्षं काढून हार्लन टॉर्गेसन निवृत्त झाला, तेव्हा निरोपसमारंभात त्याने छाती फुगवून जाहीर केलं, "मिनेसोटात मला चकवेल असा रस्ता अजून बांधला गेलेला नाही!" टाळ्या कडाडल्या. केक कापला गेला. त्याची बायको आर्डिस तेवढी टाळ्या थांबवून म्हणाली, "आणि बाकीची एकोणपन्नास राज्यं?"

हार्लनने ते ऐकलं नाही. आर्डिसचं काय काय ऐकायचं नाही, याचा त्याला त्रेचाळीस वर्षांचा सराव होता.

त्याच हिवाळ्यात त्याने सव्वीस फुटी ट्रेलर घेतला. जुना, पण ऐटबाज! आत पलंग, शेगडी, फ्रीज, आणि एक संडास. संडासात हार्लन बसला की गुडघे दाराबाहेर राहायचे, पण एवढं चालायचंच. बर्फ वितळलं रे वितळलं की पिकअपच्या मागे हे धूड जोडायचं आणि सहा आठवड्यांत बहिणी, पुतणे, जुने दोस्त अशी अकरा घरं करून यायची, असा बेत.

"कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही," हार्लन म्हणाला. "आपलं घर आपल्या पाठीशी. गोगलगायीसारखं!"

"गोगलगायीला रिव्हर्स घ्यावा लागत नाही," आर्डिस म्हणाली.

तिचं म्हणणं खरं तर पहिल्याच मुक्कामी, आयोवात पटायला हवं होतं. बहिणीच्या दारात ती दोन्ही हात हलवून "थांब! थांब!" म्हणत होती, ते आरशात याला "ये! ये!" दिसलं. ट्युलिपचा वाफा गेला. ओमाहात पुतण्याच्या गॅरेजचं दार गेलं. हार्लनच्या मते वाफा भलत्या जागी होता आणि दार उगाच अरुंद केलेलं होतं.

त्याचा सगळा जीव अडकला होता तो तिसऱ्या मुक्कामात. कॅन्ससमधल्या ऑर्विन गावात त्याचा मित्र वेंडेल स्ट्रेकर राहायचा. कोरियाच्या लढाईत दोघे चौदा महिने एका तंबूत झोपलेले. तिथे हार्लन तापाने फणफणला होता, तेव्हा याच वेंडेलने त्याला नऊ दिवस चमच्याने सूप पाजलं आणि वर त्याच्या वाटणीचा पहाराही केला. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून नुसती पत्रं, भेट नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोघांची पोरं मोठी झाली, वेंडेलची बायकोही गेली. ती गेल्यापासून वेंडेलची पत्रं लांबत चालली होती. आधी एक पान, मग तीन, मग पाच. गावात पाऊस किती पडला, हे कुणी पाच पानं लिहायला लागलं की त्याला घरात बोलायला माणूस नाही, एवढं हार्लनलाही कळत होतं.

"ओळखशील का रे पण?" आर्डिसने विचारलं.

"हजारात ओळखीन! काटकुळा, लालभडक केस, आणि चाल अशी की जणू खालची जमीन तापलीय!"

"आणि पत्ता? पत्र घेतलंस ना बरोबर?"

"पत्र कशाला? इथे आहे सगळं!" हार्लनने कपाळावर टिचकी मारली. आणि खरंच, पत्र त्याला तोंडपाठ होतं. 'हायवेवरून गावात शिरलास की पाण्याच्या टाकीपाशी डाव्या हाताला पांढरं घर. मंगळवारी सकाळी मला कंबर दाखवायला दवाखान्यात जायचंय. मी नसलो तर बिनधास्त आत घुस, ट्रेलरसाठी फाटक काढून ठेवतो. मागच्या पडवीत विजेचा प्लग आहे. आणि हो, करवत आण. अंगणात सफरचंदाचं एक वठलेलं झाड आहे, ते पाडायचंय, माझ्याच्याने आता होत नाही.'

मंगळवारी सकाळी ऑर्विन दोन मैलांवर आलं आणि रस्त्यात पाटी आली : 'काम चालू. वळशाने जा.'

"मी स्वतः हजार पाट्या लावल्यात असल्या!" हार्लन म्हणाला. "यांचा वळसा म्हणजे नेहमी लांबचा. मी जवळचा काढतो."

त्याने काढला. शेतांमधल्या कच्च्या रस्त्याने, धुळीचे लोट उठवत, ट्रेलरमधली भांडी नाचवत तो गावात शिरला, पण शिरला मागच्या अंगाने. आणि मागच्या अंगाने शिरलं की उजवं ते डावं होतं, हे एकतीस वर्षं रस्ते बांधलेल्या माणसाला कुणी सांगायचं? आर्डिसने सांगितलं असतं. पण ती मांडीवर सांडलेली कॉफी पुसत होती.

पाण्याची टाकी आली. डाव्या हाताला पांढरं घर आलं. घराला फाटक नव्हतं!

"बघ! काढून ठेवलंय! शब्दाचा पक्का आहे वेंडेल!"

ते फाटक सहा वर्षांपूर्वी गंजून आपणहून पडलं होतं, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, आणखी एक पांढरं घर होतं. त्याचं फाटक बिजागऱ्यांतून काढून कुंपणाला नीट टेकवून ठेवलेलं होतं. पण ते उजव्या हाताला. तिकडे हार्लनने बघायचं कशाला?

ट्रेलर मागे घ्यायला सुरुवात झाली. आर्डिसने या वेळी एकच हात हलवला. तरीसुद्धा 'कडाक्' असा आवाज झालाच.

"काय होतं ते?"

"टपालाची पेटी," आर्डिस म्हणाली. "तिच्यावर नाव कुणाचं होतं, ते तरी बघितलंस का?"

"आता कसलं नाव! आता तिचा पापड झालाय!"

घरात कुणी नव्हतं. म्हणजे पत्रात लिहिल्याप्रमाणेच! मागे पडवी होती, पडवीत प्लग होता. हार्लनने वायर जोडली, खुर्च्या बाहेर काढल्या आणि स्वतःच्याच घरी आल्यासारखे पाय पसरले. आर्डिस मात्र मागच्या दोरीकडे टक लावून बघत होती. दोरीवर कपडे वाळत होते. फुलाफुलांचा गाऊन, आणि शेजारी बायकांचे आतले कपडे, चांगले ऐसपैस.

"हार्लन, वेंडेलची बायको जाऊन चार वर्षं झाली ना?"

हार्लनने बघितलं. आधी तो गोंधळला, मग त्याच्या चेहऱ्यावर लबाड हसू पसरलं. "अस्सं! म्हणून पाऊस-पाण्याची पाच-पाच पानं! खरी बातमी लपवायला! अगं, सदुसष्टाव्या वर्षी! मानलं बुवा!"

"मला काही हे ठीक दिसत नाही."

"तू काही विचारायचं नाहीस त्याला. आपणहून सांगेल तेव्हा दचकल्यासारखं करायचं."

दुपारी दवाखान्याची गाडी आली आणि समोरच्या घरापाशी थांबली. तिच्यातून एका लठ्ठ, टकल्या म्हाताऱ्याला वॉकरसकट उतरवलं. म्हाताऱ्याने ट्रेलरकडे बघितलं. मग घरात जाऊन दुर्बीण आणली आणि पुन्हा बघितलं.

"शेजारी भोचक दिसतोय वेंडेलचा," हार्लन म्हणाला.

हात बांधून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने पेटीचा पापड हातोडीने ठोकून ठोकून पुन्हा पेटी केली. तिला पांढरा रंग दिला. मग रस्तेखात्यातून 'आठवण म्हणून' आणलेले पत्र्याचे अक्षरसाचे काढले आणि अर्ध्या मैलावरून वाचता येतील अशा काळ्या अक्षरांत लिहिलं : वेंडेल स्ट्रेकर. खाली एक बाणही काढला.

"बाण कशाला?" आर्डिसने विचारलं.

"सवय," हार्लन म्हणाला.

समोरच्या म्हाताऱ्याच्या हातातली दुर्बीण थरथरताना त्याला दिसली. कौतुकाने थरथरत असेल, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी समोरून धूर यायला लागला आणि धुराबरोबर असा वास, की आर्डिसच्या हातातला बटाटा सोलायचा राहिला. डुकराच्या बरगड्या! मंद धुरावर, तिखट-गोड मसाला लावून, तासन्‌तास भाजलेल्या! आणि यांच्या ताटात काय, तर डब्यातले बीन्स.

"चौघांना पुरेल एवढं मांस आहे," हार्लन मान लांब करून म्हणाला. "एकटा बसून खाणार, खादाड! शेजारी पाहुणे आलेत, जरा विचारावं, काही नाही! वेंडेलला सांगणार आहे मी, कसल्या माणसासमोर राहतोस म्हणून!"

खादाड म्हातारा काही खात मात्र नव्हता. मांडीवर टेलिफोन घेऊन तो पडवीत बसला होता आणि पाच-पाच मिनिटांनी ट्रेलरच्या कडेने मान काढून रस्ता बघत होता.

बुधवारी सकाळी टपाल आलं. नेहमीचा टपालवाला रजेवर होता, बदलीवर आलेल्या माणसाने पेटीवरचं नाव वाचलं आणि तीन पाकिटं तिच्यात टाकली. हार्लन धावत जाऊन ती घेऊन आला आणि एकेक पाकीट आर्डिसच्या नाकापुढे नाचवलं. "वाच! वेंडेल स्ट्रेकर! वेंडेल स्ट्रेकर! आणि हे पेन्शन खात्याचं, वेंडेल स्ट्रेकर! आता बोल! काल रात्रीपासून 'घर चुकलंय, घर चुकलंय' चाललंय तुझं!"

आर्डिसने तिन्ही पाकिटं उलटीसुलटी करून बघितली. शिक्का सरकारीच होता.

"मग वेंडेल आहे कुठे?"

"दवाखान्यात ठेवून घेतलं असणार. येईल तोवर त्याचं काम उरकून टाकू. बिचाऱ्याला आनंद होईल!"

आणि हार्लनने मशीनची करवत काढली.

अंगणात सफरचंदाचं झाड होतंच. मार्च महिना, झाडावर पान नाही. मार्चमध्ये वठलेलं झाड आणि जिवंत झाड यांत फरक करायला फांदीवरचे कळे बघावे लागतात. हार्लन रस्तेवाला, झाड त्याने आजवर फक्त आडवं येतं म्हणूनच बघितलेलं. घर्रर्र करून करवत सुरू झाली, आणि समोरून म्हातारा वॉकर आपटत कुंपणापर्यंत आला.

"ए! झाड कापायला कुणी सांगितलं तुला?"

"मालकाने!"

"मालक घरात नाही!"

"माहितीय मला!" हार्लन ओरडला.

म्हाताऱ्याचं टक्कल टोमॅटोसारखं लाल झालं. "आणि हे तुझं धूड हलव तिथून! माझे पाहुणे यायचेत! त्यांना माझं घर दिसणार कसं?"

"पाहुण्यांना म्हणावं चष्मे घ्या!"

"लाज नाही वाटत? चोर लेकाचा!"

"आणि तू खादाड!"

झाड कडकडत खाली आलं. आत लाकूड ओलं, हिरवट, रसरशीत होतं. हार्लनने क्षणभर करवत बंद करून त्याच्याकडे बघितलं. पण आता चिकटवणार कसं? म्हणून त्याने करवत पुन्हा सुरू केली.

दहा मिनिटांत शेरीफच्या कचेरीची गाडी आली. डेप्युटी रॉस्को पोट सावरत उतरला. आधी झाड बघितलं, मग पेटी, मग बाण.

"सकाळपासून वैतागलोय," तो म्हणाला. "समोरच्याने कालपासून तीनदा फोन केला. दोनदा 'माझा मित्र ट्रेलर घेऊन निघालाय, पोचला नाही, कुठे अपघात झाला का बघा' म्हणून, आणि एकदा 'समोर चोर शिरलेत, माझं टपाल पळवतायत, झाडं तोडतायत' म्हणून. आता मित्र शोधू का चोर पकडू? हे घर कुणाचं म्हणता तुम्ही?"

"माझ्या मित्राचं! वेंडेल स्ट्रेकरचं! नाव लिहिलंय की ढळढळीत!"

"कुणी लिहिलं?"

"मीच!" हार्लन अभिमानाने म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा आवाज बसला.

डेप्युटी रस्त्याकडे वळून ओरडला, "वेंडेल! हा म्हणतो, तू याचा मित्र!"

"या माणसाला मी जन्मात पाहिलेला नाही!" पलीकडून म्हातारा गरजला.

"मीपण याला नाही पाहिलं!" हार्लनही गरजला. "माझा वेंडेल काटकुळा आहे! लाल केसांचा!"

डेप्युटीने एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. आर्डिसने हात ॲप्रनला पुसले, रस्ता ओलांडला आणि म्हाताऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"त्या बरगड्या आमच्यासाठी होत्या का हो?"

म्हाताऱ्याचा जबडा खाली आला. "आर्डिस? तुम्ही आर्डिस?" मग त्याने ट्रेलरकडे बघितलं, पिकअपच्या मिनेसोटाच्या नंबरपाटीकडे बघितलं, आणि करवत घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. "हा... हा हार्लन? त्याचे केस कुठे गेले?"

"तुमचे गेले तिथेच."

हार्लन रस्ता ओलांडून आला. एक्केचाळीस वर्षं त्याने या भेटीचं भाषण मनात घोळवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. ज्याने नऊ दिवस चमच्याने सूप पाजलं, त्याला आपण दहा मिनिटांपूर्वी खादाड म्हणालो, एवढंच आठवत होतं.

"काल दुपारपासून तुला दुर्बिणीतून बघतोय रे मी," वेंडेल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आणि शिव्या देतोय! रात्रभर जागा, कुठे खड्ड्यात पडला असेल म्हणून!"

"हे वॉकरचं कधी लिहिलं नाहीस?"

"लिहायचं काय त्यात? तुझ्या डोक्यात मी धावतोय अजून, म्हटलं धावू दे."

दोघांनी मिठी मारली. मध्ये वॉकर होता, त्यामुळे ती जरा लांबूनच पडली. डेप्युटीने नाक शिंकरलं.

आणि बरोबर त्याच वेळी एक निळी गाडी येऊन ट्रेलरमागे थांबली.

"मेलो," वेंडेल पुटपुटला. "ओपलबाई! तीन दिवस लेकीकडे गेल्या होत्या. 'घराकडे लक्ष ठेव' म्हणून मला सांगून!"

ओपल डीट्स गाडीतून उतरल्या. सत्तरीच्या, ऐसपैस, हातात पर्स. दोरीवरचे कपडे कुणाचे, ते हार्लनला आपोआप कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. बाईंनी बाण काढलेली पेटी बघितली. मग अंगणात गेल्या आणि झाडाच्या बुंध्यापाशी उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ.

"ते तिच्या नवऱ्याने लावलेलं," वेंडेल कुजबुजला. "गावात तिच्या ॲपल पायइतकी चव कशाला नाही. दर शरदात मला भट्टीतून काढलेले दोन अख्खे ॲपल पाय देते. वर्षभर मी तेवढ्याचीच वाट बघतो रे, लेका."

वाफे वेगळे, दारं वेगळी. हे पुन्हा ठोकून सरळ होणारं नव्हतं. हार्लन पुढे झाला. "बाई, मी..."

पण वेंडेलने वॉकर त्याच्या आडवा घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ओपलबाई, चूक माझी! हा माझा मित्र. झाड कापायला मीच सांगितलं होतं याला. काय बोलायचं ते मला बोला!"

कोरियातला पहारा झाला होता. हा दुसरा.

ओपलबाईंनी वळून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वेंडेल," त्या म्हणाल्या, "तुला कसं रे कळलं?"

"काय?"

"बत्तीस वर्षं! बत्तीस वर्षं मी या झाडाची सफरचंदं सोलतेय! दर वर्षी आठशे! चर्चला पाय, शाळेला पाय, शेजाऱ्यांना पाय! बोटं धरतात, पाठ मोडते. नवऱ्याने लावलंय, मग कापा म्हणू कुणाला? लोक काय म्हणतील? देवाला विनवत होते, एखादी वीज पाड म्हणून. आजवर एकाही माणसाने विचारलं नाही, ओपल, तुला त्रास होतो का! तुला तेवढं दिसलं!"

वेंडेलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कौतुक पदरात पडत होतं आणि पाय हातचे जात होते. "पण... ओपलबाई... मग या वर्षीचे पाय?"

"आता आयुष्यभर पाय नाही!" ओपलबाई आनंदाने म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या टकलावर ओठ टेकवले.

एवढं कौतुक बघून हार्लनला राहवेना. "तसं म्हटलं तर कापलं मी," तो सुरू झाला. "करवतही माझीच..." आर्डिसने त्याच्या पायावर टाच दिली.

दुपारी चौघांनी वेंडेलच्या पडवीत कालच्या बरगड्या गरम करून खाल्ल्या. डेप्युटीनेही दोन चाखल्या, चौकशीचा भाग म्हणून. ट्रेलर समोरच्या अंगणातून या अंगणात आणला. या खेपेला चालवायला आर्डिस बसली होती, त्यामुळे काहीच मोडलं नाही. हार्लनने वेंडेलचं वठलेलं झाड बघितलं, पण वेंडेलने करवतीवर हात ठेवला. "राहू दे रे. तेवढं एक तरी उभं राहू दे." पुढचे चार दिवस दोघे पडवीत शेजारी-शेजारी बसले आणि एक्केचाळीस वर्षांचं बोलले. रोज संध्याकाळी ओपलबाई यायच्या. हातात काही नसायचं, पण बसायच्या बराच वेळ, आणि हसायच्या. वेंडेल आता सकाळी दाढी करायला लागला होता.

रविवारी निघायची वेळ झाली. वेंडेल वॉकर टेकत पिकअपच्या खिडकीशी आला. "आता एक्केचाळीस वर्षं लावू नकोस. दर वर्षी यायचं. वचन दे!"

"दिलं!" हार्लन म्हणाला.

तेवढ्यात ओपलबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी वेंडेलच्या दंडात हात घातला आणि लाडाने म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी करवत विसरू नका हं! मागच्या अंगणात पीचची दोन झाडं आहेत माझी. वेंडेल, त्यांचंही सांगून ठेव ना मित्राला!"

पीचचा मुरंबा वेंडेल पावाला रोज लावायचा.

गाडी हलली. पाण्याची टाकी मागे पडली. आर्डिस स्टिअरिंगवर होती, हार्लनच्या मांडीवर नकाशा होता, बहुतेक उलटा.

"आर्डिस," शेवटी त्याने विचारलं, "वेंडेलने पुन्हा बोलावलंय ना आपल्याला?"

"बोलावलंय," आर्डिस म्हणाली. "पीचचा विषय निघायच्या आधी."